तरोळीची सातवी ओवी

१

भार्गवीनं रेकॉर्डरच्या तळाचं झाकण उघडलं, नखानं आतली खाच चाचपली आणि ती मटकन फरशीवरच बसली.

"मावशी, कार्ड नाही."

प्रभाताई दारात उभ्या होत्या. सोलापूर पोलिसांतून फौजदार म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठली खुर्ची मानवत नसे. घरात असल्या की गॅलरीत येरझारा, बाहेर असल्या की कुणाच्या तरी दारात. भाचीबरोबर तरोळीला येण्याचं कारणही तेच. घरी बसून जीव उबगला होता.

"पिशवी नीट बघितलीस?"

"तीनदा."

बाहेर वारा सुटला होता. चैत्राचा, कोरडा, धूळ उडवणारा. दालनाच्या दारावर बांधलेलं कापडी तोरण सारखं फडफडत होतं. उद्या सकाळी यात्रा, आणि यात्रेच्या मुहूर्तावर 'तरोळी महाल इतिहास दालना'चं उद्‌घाटन. भीमेच्या काठावरचा जुना जकात नाका डागडुजी करून हे दालन केलं होतं. दोनशे वर्षांमागं इथं गाव नव्हतं. अलीकडं पेशवाई, पलीकडं मोगलाई, मधे नदी, आणि नदीत एक नाव. लोक नावेला तर म्हणत. तरीपाशी नाका आला, नाक्यापाशी वस्ती झाली, ती तरोळी. मग आजूबाजूच्या गावांचा मिळून तरोळी महाल झाला. महाल पुढं मोडला. आता पलीकडं कर्नाटक आहे आणि तरीच्या जागी पूल.

भार्गवी सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. तरोळीचा आरंभ कसा झाला, हे ती वर्षभर गोळा करत होती. कागद फारसे नव्हतेच. होती ती शिवबाई नावाची एक म्हातारी धनगरीण, आणि तिला पाठ असलेल्या तरीच्या सात ओव्या. त्या घरच्या बायकांनीच म्हणायच्या, सासूनं सुनेला द्यायच्या. पहिल्या सहा यात्रेत सगळ्यांसमोर म्हणत. सातवी घराबाहेर कुणी ऐकलेली नव्हती.

"सहा माझ्या लॅपटॉपवर आहेत," भार्गवी म्हणाली. "सातवीसाठी शिवबाईंनी मला मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं. सून वारली, नातसून नाही. म्हणाल्या, माझ्यासंगं जायला नको. मी ती रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली."

"आणि तू ती उतरवून ठेवली नाहीस."

"परीक्षा होत्या, पेपर होते. आज करू, उद्या करू…" तिनं झाकण परत लावलं. "म्हणजे आता सातवी ओवी कुठंच नाही, मावशी. म्हणणारी बोलू शकत नाही, आणि म्हटलेलं गेलं."

प्रभाताईंनी खोलीभर नजर फिरवली. लॅपटॉप जागेवर. पर्स जागेवर. रेकॉर्डरला मात्र इअरफोनची वायर जोडलेली.

"ही तू लावलीस?"

"नाही. मी कधीच लावत नाही."

"सकाळी कार्ड होतं?"

"होतं. दुपारी आपण दालनाच्या समितीतल्या सगळ्यांबरोबर उदयसिंह नाईकांकडं जेवायला गेलो, तेव्हा या मागच्या खोलीला नुसती कडी होती."

"ओवीत होतं काय?"

"निम्मं कळलंच नाही. जुनी धनगरी, मधेमधे कानडी. एक ओळ डोक्यात राहिली." भार्गवीनं हलक्या आवाजात चाल धरली. "'तुतीला मेन लावलं गं, मेनाला ऊन भेटलं…' घाटावर तुतीचं झाड असावं. समितीत मी तेवढंच सांगितलं, की सातव्या ओवीत तुतीच्या झाडाचा उल्लेख आहे. ओळ म्हणून दाखवली ती फक्त तुला."

"आणखी कुणी ऐकलीय?"

"काल संध्याकाळी शिवबाईंना ऐकवली. शब्दांचे अर्थ खुणेनं तरी सांगतील म्हणून. त्या नुसत्या रडल्या. घरात आम्ही दोघीच होतो. मुलगा, गुंडा, मेंढरं कोंडत होता."

प्रभाताईंनी पदर खोचला. लॅपटॉप सोडून नखाएवढं कार्ड नेणारा माणूस साधा चोर नव्हता. ती ओवी कुणाला तरी हवी होती. नाहीतर कुणाला तरी ती नको होती.

२

उदयसिंह नाईक आपल्या शेतातल्या शेडमध्ये उभा होता. ट्रॉलीत त्याच्या पूर्वजाचा पुतळा आडवा ठेवला होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. वाऱ्यानं प्लॅस्टिक सुटून पुतळ्याचा तलवार धरलेला हात बाहेर आला होता आणि दोन गडी तो झाकायची खटपट करत होते.

"रायाजी नाईक," उदयसिंह म्हणाला. "गाव यांनी वसवलं. पेंढारी मोगलाईतनं लुटालूट करत आले. पलीकडच्या काठावर नाव होती, ती त्यांनी घेतली आणि अलीकडं यायला निघाले. रायाजींनी नदीला साकडं घातलं. पूर आला, नाव बुडाली, पेंढारी बुडाले. त्या जागी यात्रा भरते. शिवबाईचा पूर्वज भिवा तरीवर राखणीला होता, म्हणून पहिला नारळ त्यांच्या घरचा. पोरंठोरंसुद्धा सांगतील तुम्हाला."

"सातव्या ओवीत वेगळं काही असलं तर?"

त्याचा चेहरा आवळला. "हे बघा ताई, मी जिल्हा परिषदेला उभा राहतोय. उद्या हा पुतळा बसणार, आणि परवा कुणीतरी म्हणणार, म्हातारीच्या गाण्यात रायाजी पळून गेले होते. ती ओवी हरवली तर मला वाईट वाटणार नाही. तोंडावर सांगतो. पण मी तिला हात लावलेला नाही."

"जेवताना तुम्ही मधेच उठून गेलात."

"हा हात झाकायला!" त्यानं पुतळ्याकडं बोट केलं. "विचारा गड्यांना."

गड्यांनी माना डोलावल्या. मालकासमोर ते दुसरं काय करणार, असं प्रभाताईंच्या मनात आलं. त्या निघाल्या, तसा उदयसिंह मागून म्हणाला, "माझ्या पंगतीला समितीतला एकच माणूस नव्हता. ज्यानं तरोळीचा इतिहास लिहिलाय, तोच. पोट बिघडलं म्हणाला. आणि बसला होता कुठं, तर दालनात."

३

शरच्चंद्र गुरुजी दालनाच्या पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. तरोळीच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. गावावर लिहिलेलं एकुलतं एक पुस्तक त्यांचं, आणि उदयसिंहानं सांगितलेली पुराची गोष्ट त्यातलीच.

"गुरुजी, दुपारी इथं कोण कोण आलं होतं?" प्रभाताईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"अं?"

त्यांनी पुन्हा विचारलं. गुरुजींनी कानाला हात लावला, मग घाईनं सदऱ्याच्या खिशातून कानातलं यंत्र काढून बसवलं. "बाहेरचं कुणीच नाही. गावातला स्पीकरवाला विरेश काम करत होता, एवढंच. मला डुलकी लागली होती."

"यंत्र खिशात कसं?"

"झोपताना काढतो."

"दुपारी काढलंत. आता दिवस कलायला आला. अजून खिशातच होतं." प्रभाताई त्यांच्यापुढून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "कार्ड चोरणाऱ्याला इअरफोन लागत नाहीत, गुरुजी. ऐकणाऱ्याला लागतात. आणि इअरफोन घालायला तुम्हाला आधी यंत्र काढावं लागतं. मग कुणाची तरी चाहूल लागली की माणूस गडबडीत बाहेर येतो आणि यंत्र खिशातच राहून जातं."

खिडकीची एक झडप आपटली. गुरुजी दचकले. 

"मी त्या खोलीत गेलो होतो," ते म्हणाले.

प्रभाताई थांबल्या.

"पण कार्ड तेव्हाच नव्हतं. मी बटण दाबलं, पडद्यावर 'कार्ड नाही' अशी अक्षरं आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तेवढ्यात खिडकीतनं तुमची गाडी दिसली."

"ऐकायचं होतं तर भार्गवीला मागायचंत."

"कोणत्या तोंडानं? तिच्यासमोर ऐकायचं आणि माझं पुस्तक खोटं निघालं तर तिच्यासमोरच गप्प बसायचं?" त्यांनी चष्मा काढला. "यात्रा चैत्रात असते, ताई. नाव बुडाली त्या तिथीला. चैत्रात भीमेला पूर कुठला? डोह खोल असतो, मान्य. पण पूर? लिहितानाच मला हे खटकलं होतं. गाव सांगत होतं म्हणून लिहिलं. आता वाटलं, एकदा ऐकावं. एकट्यानं."

ते खोटं बोलत नव्हते. फौजदारकीत एवढं कळायला लागलं होतं. पण मग कार्ड त्यांच्याही आधी गेलं होतं, आणि तेव्हा दालनात विरेशखेरीज कुणी नव्हतं.

४

विरेश स्पीकरच्या वायरी आणायला अक्कलकोटला गेला होता. तो येईपर्यंत थांबणं प्रभाताईंना जमणारं नव्हतं. त्या नदीकडं चालू लागल्या.

शिवबाईचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. पत्र्याचं छप्पर, मागं कडब्याची गंज, गंजीला लागून मेंढरांचा वाडगा. ओसरीवर बाजेवर म्हातारी पडली होती. उजवा हात पोटावर ठेवलेला, जसा ठेवला तसाच राहिलेला. डोळे मात्र टक्क उघडे. पन्नाशीतला गुंडा तिला चमच्यानं आंबील पाजत होता. दर घोटाला तो तिची हनुवटी पुसायचा.

"बसा की बाई."

"उभी बरी आहे."

"आय बोलल का वो?" त्यानं नाव-गाव न विचारता थेट विचारलं. "तुमी सोलापूरच्या. डागदर काय बोलत न्हाईत. एवढं सांगा, वाचा येती का परत?"

"काहींची येते."

"कशानं येती?"

प्रभाताई बाजेपाशी गेल्या. शिवबाईनं त्यांच्याकडं बघून ओठ हलवले. "आ… आ…" एवढाच आवाज निघाला. तिनं डावी मूठ बाजेवर आपटली.

"तुमच्या आईची ओवी चोरीला गेली. कळलं?"

"कळलं." गुंडानं वाटी खाली ठेवली. "गेली तर गेली. ती बाह्येर जायाची नव्हतीच."

"तुम्ही ऐकली होती कधी?"

"मी कसा ऐकन? बाप्यांनी ऐकायची नसती ती. सासूनं सुनंला द्याची."

"तिच्यात घाटावरच्या तुतीच्या झाडाचं काहीतरी आहे, असं भार्गवी म्हणते. इथं तुती होती का कधी?"

"तुती?" गुंडा पहिल्यांदाच हसला, कडवट. "झाडाला कोन मेन लावतंय का? शिकल्याली मान्सं बी…" तो थांबला आणि पुन्हा वाटी उचलली. "हितं बाभळी हायत. दुसरं काय न्हाय."

बाजेवरची मूठ पुन्हा एकदा आपटली. प्रभाताईंनी म्हातारीकडं पाहिलं. ती लेकाकडं बघत होती, आणि त्या नजरेत माया होती तसा रागही होता.

परतताना प्रभाताईंचा पाय उचलेना. काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते हाती लागत नव्हतं.

५

"मला म्हाईतच होतं!" विरेश वायरींचं भेंडोळं आपटत म्हणाला. "काही हरवलं की पहिलं माझ्याकडं बघायचं. समितीशी माझं भांडण झालं म्हणून?"

"कशावरून झालं?"

"फलकांवरून. मी म्हटलं, दालनात कानडीतनं बी फलक लावा. निम्मं गाव घरात कानडी बोलतंय. नदी काय भाषा बघून वाहत नव्हती. तर उदयसिंह म्हणाला, तुझ्या घरी लाव." तो तिशीतला होता, तापट, घामानं भिजलेला. "त्यानं माझी लायकी काढली. म्हणून मी चोर? बोलायला गेलं तर सगळ्यांचंच काढता येईल. एल्लार मनी द्वासी तूत!"

"म्हणजे?"

"म्हण आहे आमच्यात. सगळ्यांच्या घरच्या डोश्याला भोकं असतात."

प्रभाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतका वेळ त्या दालनात गोल फिरत होत्या, त्यामुळं विरेशही चपापला.

"तूत म्हणजे?"

"भोक."

"तुतीला मेण…" त्या पुटपुटल्या. "झाड नव्हे. भोक. भोकाला मेण लावलं."

आणि गुंडाचं वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. झाडाला कोन मेन लावतंय का? प्रभाताईंनी त्याला तुती सांगितली होती. मेणाचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं. भार्गवीनंही कुणापाशी काढलं नव्हतं.

"विरेश, दुपारी तू एकटाच होतास इथं?"

"एकटाच. गुरुजी घोरत होते."

"कुणीच आलं नाही?"

"कुणी नाही." मग त्यानं कोपऱ्याकडं बघितलं. सकाळी रिकाम्या असलेल्या लाकडी घडवंचीवर आता काळं घोंगडं अंथरलेलं होतं आणि वर ढोल. "हां, गुंडामामा ढोल ठेवून गेला. आत पाणी प्यायला गेला होता. पण तो काय बाहेरचा नव्हे."

६

सूर्य नदीपलीकडं टेकला होता. भार्गवी मावशीच्या चालीला चाल मिळवत धापा टाकत होती.

"गुंडा? पण त्याच्या आईचीच ओवी!"

"काल तू आत ती ऐकवलीस तेव्हा तो कडब्यामागं मेंढरं कोंडत होता. पत्र्याचं घर, आणि रेकॉर्डर तू मोठ्यानं लावला असशील."

"शिवबाईंना नीट ऐकू जावं म्हणून."

"त्यालाही नीट गेलं. मेणाचं नाव तिथूनच त्याला कळलं. उदयसिंहाला ओवीत काय आहे हे माहीतच नाही, तो नुसता घाबरलाय. गुरुजींना ऐकायची होती. ज्याला ऐकायचंय तो कार्ड नेईल, पण मग रिकाम्या रेकॉर्डरला इअरफोन लावणार नाही. विरेशला कानडी येतं, पण ओवी त्यानं ऐकलेली नाही, नाहीतर तो मला भोकाचा अर्थ असा सहज सांगता ना. उरला तो ऐकलेला, समजलेला आणि आत जाऊन आलेला एकच."

"पण का?"

"ते मला अजून कळलेलं नाही," प्रभाताई म्हणाल्या. चढ संपला होता.

गुंडा ओसरीच्या पायरीवर बसला होता. दोघींना येताना बघून तो उठला नाही.

"कार्ड कुठंय, गुंडाभाऊ?"

त्यानं हातानं नदी दाखवली. "डोहात."

भार्गवीच्या तोंडून एक अस्फुट हुंदका निघाला.

"मोबाईलला बी तसलंच कार्ड असतंय की. काडाया काय लागतं." तो हळू, स्पष्ट बोलत होता, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होता. "मी चोर न्हाय बाई. तुमचं बाकीचं काय घेतलं न्हाय. माजी आय त्या मशिनीत गायली आन दुसऱ्या दिशी तिची वाचा गेली. सातवी भाईर गेली की जीभ दगूड व्हती, असं माजी आजी म्हनायची. मला खरं वाटत नव्हतं. मग आय पडली. आन काल मागं हुबा ऱ्हाऊन मी ती ऐकली. म्हनलं, हितनं गेलं ते हितंच परत देऊ. नदीचं नदीला. मग बोलल." त्यानं बाजेकडं पाहिलं. "दुपारपास्नं बसलोय तिच्यापाशी. न्हाई बोलली."

 वाडग्यात मेंढरं एकमेकांना रेटत होती.

"काय आहे तिच्यात?" प्रभाताईंनी विचारलं. "नाव पुरानं बुडाली नाही, एवढं मला कळलंय. नावेला भोक होतं."

गुंडानं तोंडावरून हात फिरवला.

"भिवानं पाडलं. आमच्या मूळपुरुषानं. पेंढारी येनार म्हनून. रायाजी नाईकानं सांगितलं, नाव मोडू नको, पलीकडंच ठिव, त्येस्नी चढू दे, मधी डोहात बुडतील. भिवानं भोक पाडलं, मेनानं बुजीवलं, नाव वाळूवर ठिवली. पर पेंढाऱ्याच्या आदी मान्सं आली. पलीकडच्या गावांची. बाया, ल्हान ल्हान पोरं, पेंढाऱ्याच्या भ्यानं पळून आल्याली. चढली नावंत. भिवा अलीकडच्या काठाला हुता. दिवसभर उनात मेन मऊ झाल्यालं."

"आणि त्यानं त्यांना सांगितलं नाही?" भार्गवीनं विचारलं.

"सांगितलं की!" गुंडा ताडकन म्हणाला. "वरडला त्यो. ओवीतच हाय तसं. 'भिवा वरडला गं, वारं घिऊन गेलं…'"

"भिवा न्हाई बोलला…"

आवाज बाजेवरून आला. घोगरा, चिरका, पण सुरात. गुंडा वळला. शिवबाई छपराकडं बघत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावी मूठ ताल धरून बाजेच्या लाकडावर पडत होती.

"भिवा न्हाई बोलला गं, भिवा न्हाई बोलला,
पेंढारी ऐकंल म्हनून, जिबंला दगूड बांदला…"

"आय!" गुंडा गुडघ्यावर आला. "आय, बोल की. माजं नाव घे. आय?"

ती त्याच्याकडं बघून "आ… आ…" करू लागली. शब्द येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तिनं डोळे मिटले, मूठ आपटली आणि पुन्हा चाल धरली, तसे शब्द आपोआप एकामागून एक आले. तुतीला मेन लावलं. मेनाला ऊन भेटलं. कडेवरची पोरं. तिला बोलता येत नव्हतं, पण गाता येत होतं.

गुंडानं तिच्या तोंडावर हात ठेवायला उचलला. "नको, आय. आपलंच हाय ते. आपल्याच मान्साची लाज. नको गं."

शिवबाईनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. गाणं थांबलं नाही. मग तिनं तोच हात भार्गवीकडं केला, बोटांनी हवेत बटण दाबल्यासारखं केलं. पुन्हा केलं.

भार्गवीनं मोबाईल काढला, पण सुरू केला नाही. तिनं गुंडाकडं पाहिलं.

गुंडा आईचा हात धरून बसला. ओवी दुसऱ्यांदा पहिल्या ओळीवर आली, तेव्हा त्यानं मान वर न करताच म्हटलं, "लावा."

७

सकाळी घाटावर गर्दी होती, आणि गर्दीपुढं बाजेवर शिवबाई. वारा रात्रभर थांबला नव्हता. उदयसिंहानं आणलेला रायाजीचा पुतळा अजून कापडाखाली होता. रायाजीनं नेमकं काय सांगितलं होतं, हे त्यानं भार्गवीच्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, आणि कापड कधी ओढायचं ते तो कुणाला सांगत नव्हता. शरच्चंद्र गुरुजी कानात यंत्र नीट बसवून पायरीवर उभे होते. माईकवरून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की पुस्तकातला पूर त्यांनी आज मागं घेतला आहे, आणि खरी हकीकत शिवबाई आपल्या तोंडानं गाऊन सांगतील. लोक कुजबुजत होते. काही चिडलेही होते. यात्रेच्या दिवशी असलं अभद्र कशाला, असं मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

ढोल वाजला. पहिल्या नारळाची वेळ झाली. गुंडानं आईच्या पायाला नारळ लावला, कपाळाला लावला आणि घाट उतरायच्या ऐवजी तो पुलाकडं चालू लागला.

"अरे, कुठं?" उदयसिंह ओरडला. "जागा इथं आहे!"

गुंडा थांबला नाही. आधी विरेश त्याच्यामागं गेला, मग भार्गवी. प्रभाताई तर आधीच पुलावर होत्या. खाली डोहाचं पाणी हिरवं, वाऱ्यानं शहारलेलं.

पलीकडच्या काठावर एक बाई दगडावर धुणं धूत होती. तिला यात्रा माहीत होती, पण नारळ घेऊन इकडं कुणी आल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. हातातलं लुगडं तसंच धरून तिनं कानडीत विचारलं, "यारिगे?" कुणासाठी?

गुंडा पाण्याच्या कडेला वाकला होता. उत्तर द्यायला त्याला क्षणभर लागलं.

"नम्मोरिगे," तो म्हणाला. आपल्या माणसांसाठी.

आणि त्यानं नारळ पाण्यात सोडला.